कार्डावर चालत नाही

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, ऑफिसातल्या बायकांपाशी नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. ते आत्ता बाहेर ओट्यावर बसून लसूण सोलतायत. मी आत लिहितेय. मधे एक भिंत आहे, दार लोटलेलं आहे — तरी त्यांनी नुसतं खाकरलं की माझा हात कागदावर आडवा पडतो. इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांची भीती कधी वाटली नव्हती. आता वाटते. ते ओरडतील म्हणून नाही. ओरडणार नाहीत म्हणून.

मी रडूबाई नाही, हे आधीच सांगते. भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदाम कंपनीत मी ऑफिस बघते. हजेरी, पगार, रजा, आणि मेडिक्लेमची कार्डं. कुणाचं काय बसतं, काय बसत नाही, बिल कुठं लावायचं, कुठली सही राहिली की परत येतं — हे मला तोंडपाठ आहे. त्यामुळे आमच्या आळीत कुणाचं दवाखान्याचं अडलं की पावलं माझ्याकडे वळतात. "वैनी, सासऱ्यांचा मोतीबिंदू कार्डावर होईल का?" "वैनी, सिझरचं काय?" मी सांगते ते शेवटचं. माझ्यानंतर कुणी दुसऱ्याला विचारायला जात नाही. एवढं ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

ह्यांचा टेम्पो होता. आमच्याच कंपनीत लावलेला. माल भरायचा, खाडीवरचा पूल ओलांडून ठाण्याकडे जायचं, रिकामा घेऊन परत यायचं. सगळे ड्रायव्हर ह्यांना दादूस म्हणायचे. गाडी वळवायला जागा नसली की ह्यांनाच हाक मारायचे. कंटेनरच्या दोन भिंतींमधून टेम्पो असा मागे घ्यायचे की मी खिडकीतून बघत राहायचे. कौतुक तोंडावर केलं नाही कधी. आमच्यात तशी पद्धत नाही.

एका दुपारी त्या पुलावर ह्यांच्या पुढच्या कंटेनरखाली एक मोटारसायकल गेली. ह्यांची काही चूक नव्हती, संबंधही नव्हता. पण सगळ्यांत आधी उतरले ते हेच. त्या माणसाला उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं. वाटेतच तो गेला. घरी आले, अंघोळ केली, जेवले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मला वाटलं, झालं.

नव्हतं झालं. थंडीच्या दिवसांत शर्टाची पाठ ओली व्हायला लागली. माल पोचायला उशीर व्हायला लागला, कारण पूल टाळून लांबच्या रस्त्यानं जायला लागले. स्टिअरिंगला एक जुना टॉवेल गुंडाळला — हात घसरतो म्हणून. मी विचारलं, हात का घसरतो? म्हणाले, उकडतं. डिसेंबरात?

मी बघत होते. पण बघणं वेगळं आणि विचारणं वेगळं, नाही का?

मग एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते, आणि हे मागे येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत म्हणाले, "अगं, ते मनाचे डॉक्टर असतात ना."

"असतात."

"आपल्या भिवंडीत हाय का कोन? बघ जरा. आनि तुझ्या कार्डावर चालंल का, ते पन इचार."

भाकरी तव्यावर टाकली होती ती मी उलटायची विसरले. तुम्ही ह्यांना ओळखत नाही, म्हणून सांगते — पायात खिळा घुसला होता तेव्हा ह्या माणसानं तो स्वतः पक्कडीनं ओढून काढला होता. तो माणूस मला मनाचा डॉक्टर शोधायला सांगत होता. किती दिवस जुळवली असतील ती दोन वाक्यं? मी म्हटलं, "बघते."

शोधायचं काय होतं? मला एक नाव आधीपासून ठाऊक होतं.

आणि ते कसं ठाऊक होतं, तिथेच खरी घाण आहे. तिच्याकडे यायला मी एवढा वळसा घेतला.

आमच्या गोदामात एक मुलगा फोर्कलिफ्ट चालवायचा. खारबावचा. मुलगा म्हणजे लग्न झालेला, बापई माणूस. त्याचं नाव इथे महेश ठेवते. खरं नाव लिहिण्याचा हक्क मी घालवलाय. तो एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आला. बिल चार घड्या घालून मुठीत धरलेलं. धामणकर नाक्याजवळच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंचं. त्याची झोप उडाली होती, छातीत धडधडायचं, सगळ्या तपासण्या नीट येत होत्या. कुणीतरी शहाण्यानं त्याला तिकडे पाठवलं होतं, आणि त्याला उतार पडत होता. "मॅडम, हे तेवढं कुनाला कळू देऊ नका," एवढंच म्हणाला.

"नाही कळणार," मी म्हटलं.

आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक क्लेम माझ्याकडून मॅनेजरच्या टेबलावर जातो. मॅनेजर वाचत बिचत काही नाहीत. गठ्ठा येतो, सह्या करतात, परत देतात. महेशचं बिलही तसंच गेलं असतं. मीच संध्याकाळच्या चहाला म्हटलं, "साहेब, आपला तो फोर्कलिफ्टवाला — डोक्याच्या डॉक्टरकडे जातो, माहीत आहे का?"

का म्हटलं? सेफ्टी म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. उद्या त्यानं कुणाच्या अंगावर माल पाडला तर? खोटं आहे ते. तो उत्तम चालवायचा, आणि उपचार घेत होता म्हणून आणखी जपून चालवायचा. मी बोलले, कारण चहाच्या टेबलावर मला ठाऊक असलेली गोष्ट साहेबांना ठाऊक नव्हती. ते माझ्याकडे वळून "काय सांगता?" म्हणाले — तेव्हा मला बरं वाटलं. त्या एका "काय सांगता" साठी.

त्याला फोर्कलिफ्टवरून उतरवून हमालीला लावलं. मग त्याचं कंत्राट वाढवलं नाही. ओळखपत्र जमा करायला माझ्याकडेच यावं लागतं. त्यानं ते टेबलावर ठेवलं, सरळ केलं आणि म्हणाला, "बरं हाय मॅडम. तुमी कुनाला सांगितलं न्हाय." आणि हसला. ते हसणं मला अजून दिसतं. मी खाली मान घालून पावती लिहीत होते.

तर तेच नाव. त्याच बाई.

ऑफिसच्या मागे, कंटेनर उभे असतात तिथे जाऊन मी फोन लावला. उचलणारी मुलगी चुणचुणीत होती. सांगत होती — मॅडम गोळ्या देत नाहीत, बोलून उपचार करतात. गोळ्यांची गरज वाटली तर सायकॅट्रिस्टकडे पाठवतात. पहिली भेट जरा लांबते. मी विचारलं, कंपनीचं कार्ड चालतं का? "चालतं की! पैसे आधी भरायचे, मग बिल कंपनीत लावायचं. बिलावर मॅडमचा नोंदणी नंबर असतो. पुष्कळ जण लावतात." मग म्हणाली, "कोणासाठी आहे?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांसाठी."

पहिलं खोटं तिथे गेलं. किती सहज गेलं!

मग विम्याच्या हेल्पलाइनला फोन केला. नवऱ्यासाठी बसतं का? बसतं. सायकॉलॉजिस्टच्या भेटी? बसतात. मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. पुन्हा तेच उत्तर. खरं सांगू? मी "नाही" ऐकायला फोन केला होता. "नाही" मिळालं असतं तर मी आज हे लिहीत नसते. पण उत्तर "हो" होतं, आणि तेच मला नको होतं.

कारण मला दिसत होतं पुढे काय होणार. ह्यांचं बिल, माझ्या हातून, साहेबांच्या टेबलावर. साहेब वाचत नाहीत — पण एखादी माझ्यासारखी बाई असली तर? चहाच्या टेबलावर? "साहेब, मॅडमचे मिस्टर, आपल्याकडे टेम्पो लावलाय बघा —" आणि टेम्पो बंद. हे घडतं की नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मीच घडवलं होतं.

तुम्ही म्हणाल, कार्ड गेलं खड्ड्यात, रोख देऊन जायचं होतं. बरोबर आहे. तेवढे पैसे आमच्याकडे होते. म्हणून एकदा कामावरून सुटल्यावर मी शेअर रिक्षानं धामणकर नाक्याला उतरले आणि तो दवाखाना बघायला गेले. खाली कापडाचं दुकान, बाजूनं जिना, जिन्याच्या तोंडाशी पाटी. समोर रिक्षांची रांग. आमच्या कंपनीचे निम्मे ड्रायव्हर तिथेच चहा पितात. जिना चढणारा माणूस सगळ्या नाक्याला दिसणार. मी पलीकडे उभी राहून बघत होते. एक बाई उतरली, तिच्या मागून एक म्हातारे गृहस्थ. साधी माणसं. कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. मीच बघत होते. कशाची एवढी भीती, सांगा? टेम्पोची? लोकांची? की त्या खोलीत बसून हे बोलायला लागतील, सगळं बाहेर काढतील, आणि घरी परत येईल तो माणूस मला सांभाळता येणार नाही, याची?

रस्ता ओलांडून वर जाऊन नुसती वेळ घेतली असती तरी चाललं असतं. मी परतीची रिक्षा धरली.

जेवताना ह्यांनी विचारलं नाही. वाट बघत होते, पण विचारलं नाही. मीच वाढता वाढता म्हटलं, "मी चौकशी केली हो. कार्डावर चालत नाही."

"न्हाय का?"

"नाही. विमा कंपनीलाही विचारलं. मनाचं काही बसत नाही त्यात. आणि रोख जायचं तर परवडणार नाही, किती महिने जावं लागेल काय सांगावं."

"बरं," म्हणाले. आमटी वाढून घेतली. मग थोड्या वेळानं, "तू इचारलंस हे बरं केलंस. मला वाटलं तू हसशील."

हे वाक्य मी कुठं ठेवू?

आता तुम्हाला वाटेल की खोटं बोलून निदान सुटका झाली असेल. उलट झालं. त्या दिवसापासून माझा फोन वाजला की मी आधी डोळे मिटते, मग उचलते. खिडकीतून गेटकडे बघत बसायचे. ह्यांचा टेम्पो आत आला की कामाला लागायचे, बाहेर पडला की हात थांबायचे. महेशच्या वेळी "माल कुणाच्या अंगावर पडला तर" म्हणणारी मी — आणि इथे खरोखर ज्याचे हात स्टिअरिंगवरून घसरतात त्याला रोज सकाळी डबा भरून त्या पुलावर पाठवत होते. ह्यांनी काही ऐकवलं नाही, पण पूल टाळणं मात्र बंद केलं. औषध नाही म्हटल्यावर सोसायचं, असं ठरवलं असणार.

दर सोमवारी आमच्या आवारात ड्रायव्हर-हमालांची सेफ्टी मीटिंग असते. सूचनांचा कागद मी वाचते. आवाज मोठा आहे म्हणून. हेल्मेट घाला. माल छातीच्या वर रचू नका. झोप झाली नसेल, मन ठिकाणावर नसेल, तर गाडी हातात घेऊ नका, तसं ऑफिसला सांगा. त्या सोमवारी हे पुढच्याच रांगेत उभे होते, हात मागे बांधून. हे वाक्य आलं आणि मी कागदावरून नजर वर केली. ते माझ्याकडेच बघत होते. रागानं नाही. शाळेत पोरं बाईंकडे बघतात तसं — आता काय करू, सांगा. शेजारच्या ड्रायव्हरनं कोपर मारून म्हटलं, "दादूस, वैनी घरी पन अशीच वाचून दाखवते का रे?" सगळे हसले. हेही हसले. मी पुढचं कलम वाचलं.

आणि मग एके दिवशी ह्यांनी पुलाच्या मधोमध टेम्पो उभा केला. चावी काढली, खाली उतरले आणि कठडा धरून उभे राहिले. मागे गाड्यांची रांग लागली, लोक हॉर्न मारत होते, आईबहिणीवरून शिव्या देत होते. एका रिक्षावाल्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि ह्यांच्या खिशातल्या मोबाइलवरून मला फोन केला. "भाभी, आपके आदमी का हाथ रेलिंग से छूट नहीं रहा. आप आ जाओ." मी गेले. बोटं एकेक करून सोडवली. पाणी पाजलं. मला वाटत होतं, आता सांगते, इथेच सांगते, वरून खाडीचा वारा येतोय, कुणाला ऐकूही जाणार नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चला, घरी जाऊ."

टेम्पो विकला. कंपनीत ह्यांनीच सांगितलं की कंबर धरलीय. कंबर चालते — कंबरेला कुणी नावं ठेवत नाही. आता हे घरी असतात. भाजी आणतात, पाणी भरतात, लसूण सोलतात. गाडीत बसायचं म्हटलं की नको म्हणतात, म्हणून बहिणीच्या मुलाच्या लग्नालाही गेलो नाही. रात्री दार उघडं टाकून झोपतात. स्वतःबद्दल त्यांचं मत एकच आहे: आपण भित्रे निघालो. आणि माझ्याबद्दलही एकच: "हिनं बिचारीनं सगळीकडं इचारलं."

मी त्यांना आजही नेऊ शकते. जिना तिथेच आहे, पाटी तिथेच आहे. पण नेलं की पहिल्याच दिवशी ती चुणचुणीत मुलगी विचारणार, कार्ड आहे का? आणि हे माझ्याकडे बघणार. त्या एका बघण्याला मी घाबरते. तेवढ्यासाठी मी एका माणसाला ओट्यावर बसवून ठेवलंय.

इथवरच असतं, तर मी कदाचित लिहायला बसले नसते. पण गेल्या आठवड्यात समोरची वनिता आली. तिची मुलगी कॉलेज सोडून घरात बसलीय. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, खिडकीसुद्धा उघडू देत नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. वनिता ओट्यावर टेकली आणि ह्यांना म्हणाली, "दादूस, वैनी हायत का? पोरीसाठी मनाचा डॉक्टर बघावा म्हनतेय. तिच्या बापाच्या कंपनीचं कार्ड हाय, त्याच्यावर चालंल का, वैनींना इचारायचं होतं."

मी हात तसेच ओले घेऊन दारात आले. तेवढ्यात हेच म्हणाले — मला त्रास नको म्हणून, मी दमून आलेय म्हणून — "अगं न्हाय चालत, वनिता. कुठल्याच कार्डावर न्हाय चालत. हिनं मागं सगळीकडं फोन लावून इचारलेलं. होय ना गं?"

दोघंही माझ्याकडे बघत होती.

माझ्या हातातून पाणी ठिपकत होतं. एक शब्द पुरला असता. "चालतं." एवढाच.

मी मान हलवली. होकाराची.

"वैनींनी इचारलंय म्हंजे झालंच," वनिता म्हणाली. उठली, पदर सारखा केला, चप्पल पायात सरकवली आणि गेली. दुसऱ्या कुणाला विचारायला ती जाणार नाही. आमच्या आळीत कुणी जात नाही.

तेव्हापासून रोज कामावर निघताना मी आधी समोरच्या खिडकीकडे बघते. बंद असते. संध्याकाळी परत येताना कोपऱ्यावरच थांबते — वनिताच्या दारात माणसं जमलेली नाहीत ना, हे लांबूनच बघून घेते. नसतात. मग चालायला लागते. आत्ताही लिहिता लिहिता दोनदा उठून बघून आले. बंदच आहे.

बाहेरून हे हाक मारतायत. "अगं, लसूण झाला सोलून. आनखी काय देतेस?"

आले, म्हटलं.